एक पोरगा, चार डॉक्टर, चार चिठ्ठ्या: दम्याच्या बाबतीत डॉक्टर लोक एकमेकांशी बोलतात का?

हलशीकर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

मुलगा सहा वर्षांचा. दोनाचा होता तेव्हापासून पावसाळा लागला की छाती वाजते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला खोकला सुरू होतो, मग बसूनच झोपायचं. आम्ही खानापुरात, माझी नोकरी बेळगावच्या उद्यमबागेत, सासुरवाडी निपाणी. त्यामुळे डॉक्टर झाले चार. गावातले आमचे नेहमीचे डॉक्टर (हाताला गुण आहे, मला गोवर आला तेव्हाही तेच होते), बेळगावचे लहान मुलांचे डॉक्टर, मे महिन्यात आजोळी गेला तेव्हा निपाणीतले एक, आणि तिथं जास्त झालं म्हणून रात्री एकला गाडी काढून कोल्हापूर.

खानापूर म्हणालं, कफाची प्रकृती आहे, मोठा झाला की जाईल. पातळ औषध. बेळगाव म्हणालं, रोज दोन वेळा पंप (तोंडानं ओढायचा, इनहेलर), सहा महिने तरी बंद करायचा नाही. निपाणी म्हणालं, एवढ्याशा पोराला पंप कशाला, सवय लागेल. बंद केला. पंधरा दिवसांनी कोल्हापूर म्हणालं, पंप कोणी बंद केला? आणि बोलणी खाल्ली माझ्या बायकोनं.

घरी येऊन सगळे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. एकावर 'अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस', एकावर 'व्हीझिंग', एकावर नुसतंच 'कफ'. 'दमा' हा शब्द फक्त कोल्हापूरच्या कागदावर. आधीच्या डॉक्टरांनी काय दिलं होतं आणि का, हे चौघांपैकी एकानंही विचारलं नाही. आम्ही सांगायला गेलो तर "ते राहू दे, आता मी काय सांगतो ते ऐका."

प्रश्न एवढाच: हे लोक मिळून एका मुलाचं बघतात असं कुठं घडतं का? की आपणच जन्मभर निरोप्याचं काम करायचं?

वडगावचा_माग
ते सगळं नंतर. आधी पोरगं कसं आहे ते सांगा की.

हलशीकर
बरा आहे. शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मागं वळून टाटासुद्धा केला नाही.

मलप्रभाकाठ
तुमच्या टेबलावरचे कागद वाचून माझीच फाइल आठवली. लेक आता नऊ वर्षांची. तीन वर्षं आम्हाला कुणी 'दमा' म्हणालंच नाही. एका डॉक्टरांना मी सरळ विचारलं, तर माझ्या सासूबाईंकडे बघत म्हणाले, "दमा नाही हो, छाती जरा नाजूक आहे." बाहेर आल्यावर सासूबाई खूश. मुलीच्या नावापुढं दमा लागला तर पुढं स्थळं कशी यायची, ही त्यांची चिंता. लेक तेव्हा सव्वाचार वर्षांची!

त्याचा परिणाम असा की जरा बरं वाटलं की आम्ही पंप बंद करायचो. नाजूक छातीला कोण रोज औषध घेतं? पुढच्या डॉक्टरांनी पाटीवर लिहावं तसं मोठ्या अक्षरात 'दमा' लिहून दिलं, त्या दिवशी मी घरी येऊन रडले. पण औषध नियमित सुरू झालं ते त्या दिवसापासूनच.

बिनपाटीचा_डॉक्टर
मी तालुक्याच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करतो, बावीस वर्षं झाली. धागाकर्त्याच्या पहिल्या डॉक्टरांच्या जागी मी स्वतःला बघतोय म्हणून लिहितो.

पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा बापाचा आजचा रोज बुडालेला असतो. त्याला आज रात्री पोर झोपायला हवं. मी म्हणालो, "हा पंप सहा महिने घ्या," तर तो मान डोलावतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्या दवाखान्यात जातो. मी लिहितो पातळ औषध. हो, अजूनही लिहितो. चूक आहे हे मला माहीत आहे.

आता दुसरी बाजू. मी पोराला चिठ्ठी देऊन शहरात पाठवतो. तिथं काय ठरलं, काय सुरू केलं, किती दिवस, यातलं एक अक्षर माझ्याकडे परत येत नाही. बावीस वर्षांत उलट चिठ्ठी आली ती बोटावर मोजण्याइतकी. दोन महिन्यांनी तेच पोर रात्री माझ्याच दारात, आणि हातात रिकामा पंप. मग मी आपल्या बुद्धीनं जे सुचेल ते देतो. 'एकमेकांशी बोलत नाहीत' म्हणता ते खरं आहे. पण आधी फोन उचलणारं कुणीतरी पाहिजे की.

तिरकी_ओळ
फोन उचलतात की. 'कट' किती, हे ठरवायला.

बिनपाटीचा_डॉक्टर
@तिरकी_ओळ, आले लगेच. असे लोक आहेत, नाकारत नाही. पण दम्याच्या पोराला पाठवून कुणी बंगला बांधलेला मी पाहिलेला नाही. गुडघे असते तर गोष्ट वेगळी.

इंटर्न_ते_निवासी
मी बालरोग विभागात शिकतोय, त्यामुळे लहान तोंडी मोठा घास. 'पंप म्हणजे कडक औषध, पातळ औषध म्हणजे सौम्य' हा समज आकड्यांनी मोडतो. साल्ब्युटामॉलच्या, म्हणजे दम लागल्यावर घ्यायच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाच्या सिरपच्या एका चमच्यात (५ मिली) २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. वीस फवाऱ्यांएवढं औषध पोटातून सगळ्या अंगभर फिरतं. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते, पोरगं रात्री टक्क जागं राहतं. पंपाचं औषध थेट जिथं हवं तिथं जातं.

रोजच्या स्टेरॉइडच्या पंपाबद्दल उंचीची भीती असते. वर्षानुवर्षं घेतलेल्या मुलांची मोठेपणची उंची साधारण एखादा सेंटिमीटर कमी भरल्याचं दिसलंय. ते खरं आहे, लपवू नये. पण दर पावसाळ्यात चार वेळा तोंडावाटे किंवा सुईनं स्टेरॉइड घेणं त्याहून कितीतरी महाग पडतं. पंपानंतर चूळ भरायची, एवढं पाळा.

आणि सवय लागत नाही. चष्म्याची लागते तेवढीच लागते.

गणपत_गल्ली
मृगाचं नक्षत्र लागलं की हैदराबादला जिवंत मासा गिळवतात, त्याबद्दल कुणी कसं नाही बोललं? आमचे आप्पा तीन वर्षं गेले होते. दमा गेला नाही, पण रेल्वेचं वेळापत्रक तोंडपाठ झालं.

वडगावचा_माग
😂 आणि मासा?

गणपत_गल्ली
मासा शाकाहारी आप्पांच्या पोटात गेला. त्याच्या बाजूनं कुणी बोलत नाही.

मेडिकलवाला
बेळगावात औषधाचं दुकान आहे. डॉक्टर लोक मिळून काम करत नाहीत म्हणताय, पण या गोष्टीतला एक माणूस कुणाच्याच हिशेबात नाही. तो मी.

डॉक्टरला पेशंट दोन-तीन महिन्यांतून एकदा दिसतो. मला तो किंवा त्याचा बाप दर पंधरा दिवसांनी दिसतो. "तो दम लागल्यावरचा द्या," म्हणतो. रोजचा पंप मागायला येत नाही, तो महाग आणि त्यानं लगेच काही वाटत नाही. एका घरानं गेल्या दिवाळीपासून तात्पुरत्या आरामाचे पाच पंप नेले, रोजचा एक. पोरगं बिघडतंय हे मला कळत होतं. डॉक्टरांना? माझ्याकडे त्यांचा नंबर होता, फोन केला नाही. "तू दुकान सांभाळ," असं ऐकावं लागेल म्हणून.

दोन गोष्टी सगळ्यांसाठी. रंगावर जाऊ नका. कंपनी बदलली की रंग बदलतो, नाव वाचा. आणि पंप पाण्यात तरंगतो का बघून 'संपला की आहे' ठरवू नका. काहींवर आकडा दिसतो. नसेल तर मी खोक्यावर पेनानं उघडल्याची तारीख घालून देतो. २०० फवारे, दिवसाला चार, म्हणजे पन्नास दिवस. त्यानंतर फुस्स आवाज येतो, औषध येतंच असं नाही.

इंटर्न_ते_निवासी
@मेडिकलवाला, काका, तुम्ही सांगितलेला आकडा सोन्यासारखा आहे. वर्षात तात्पुरत्या आरामाचे तीन किंवा जास्त पंप लागत असतील तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो, असं दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. बारा किंवा जास्त लागले तर मृत्यूचाही. आम्ही वॉर्डात हे पाठ करतो आणि मोजायला आमच्याकडे काही नसतं. मोजमाप तुमच्या बिलबुकात!

ओहायोची_शहापुरी
माहेर बेळगावचं शहापूर, आता अमेरिकेत सिनसिनाटीजवळ. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: हो, घडतं.

इथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयाभोवती चाळीसेक खासगी बालरोग दवाखाने आहेत. स्वतंत्र, एकमेकांचे स्पर्धकच. २००३ च्या सुमारास ते दम्यासाठी एकत्र आले. काही भव्य केलं नाही. प्रत्येक दवाखान्यानं आपल्या दमेकरी मुलांची यादी केली, कारण आपल्याकडे अशी मुलं किती आहेत हेच आधी कुणाला सांगता येत नव्हतं. मग प्रत्येक मुलाबद्दल तेच ते प्रश्न: दमा किती तीव्र ते लिहिलंय का, घरी काय करायचं याचा लेखी कागद दिलाय का, गरज आहे त्याला रोजचं औषध चालू आहे का. यातलं एक जरी राहिलं तरी ते मूल 'पूर्ण काळजी'त धरायचं नाही. अर्धे गुण नाहीत. आणि प्रत्येक दवाखान्याचा आकडा बाकीच्यांसमोर. विमा कंपनीनं बक्षिशीही लावली होती, पण त्यावर लिहिणाऱ्यांचं म्हणणं, नुसत्या पैशानं ते झालं नसतं.

माझ्या मुलीचा कागद फ्रिजवर आहे. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे बिघडतंय, लाल म्हणजे लगेच दवाखाना. पिवळ्यात काय करायचं हे तिच्या बेबीसिटरलाही कळतं.

तिरकी_ओळ
ओहायोत फ्रिजवर कागद लागतो. आमच्याकडे फ्रिजवर लाइट बिल. तिथं कॉम्प्युटर, विमा, नर्सा. इथं दवाखान्यात एक कंपाउंडर, तोच केस काढतो, तोच झाडतो.

इंटर्न_ते_निवासी
@तिरकी_ओळ, म्हणून फिनलंड बघा. १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा देशभराचा दमा कार्यक्रम. त्यांनी नवं औषध शोधलं नाही. प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्यासाठी एक डॉक्टर आणि एक नर्स नेमून दिली, आणि (मेडिकलवाले काका, ऐका) औषध दुकानातही दम्याची माहिती असलेला एक माणूस ठरवला. दम्यानं रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून खाली आले. आपल्याकडे उलटं चित्र: जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात, पण दम्याचे मृत्यू ४२ टक्क्यांच्या आसपास.

मेडिकलवाला
फिनलंडला दुकान हलवतो. भाडं काय चालू आहे?

जांबोटी_घाट
मी या भागात एका सरकारी आरोग्य केंद्रात होते. पावसाळ्यात जंगलपट्टीतली घरं म्हणजे चार महिने ओल, भिंतींना बुरशी, चुलीचा धूर माळ्यापर्यंत, त्यातच पोरं झोपलेली. आमच्याकडे वाफेचं मशीन होतं, पण वीज जायची. पंप यायचे अधूनमधून. स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली ती नळकांडी, कधीच नाही. लहान पोराच्या तोंडात नुसता पंप मारला तर औषध जिभेवर.

मग मी बाटल्या वापरायला लागले. अर्ध्या लिटरची पाण्याची प्लॅस्टिकची बाटली. पंपाच्या तोंडाच्या मापाची तार वाकवायची, चुलीवर लाल करायची, बाटलीच्या बुडाला टेकवायची. प्लॅस्टिक चर्र करून वितळतं आणि बरोबर मापाचं भोक पडतं. पंप घट्ट बसवून कडेनं चिकटवायचं, हवा जाता कामा नये. बाटलीचं तोंड पोराच्या तोंडात, ओठ घट्ट. एक फवारा, पाच-सहा श्वास. मग दुसरा फवारा. दोन एकदम नाहीत. हा माझा शोध नाही. केपटाऊनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तपासून दाखवलंय की बंद बसवलेली बाटली विकतच्या स्पेसरच्या तोडीचं काम करते.

एक चूक मात्र सगळे करतात. स्पेसर धुऊन स्वच्छ फडक्यानं पुसतात. पुसल्यानं प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. साबणाच्या पाण्यात बुडवा, तसाच उपडा ठेवा, आपोआप वाळू दे.

मलप्रभाकाठ
मी तो तीन वर्षं फडक्यानं चकचकीत करून ठेवत होते 🤦

जांबोटी_घाट
कागदाबद्दलही. आम्ही घरच्यांना द्यायचा कागद केला, तेव्हा कन्नडमध्ये करायचा की मराठीत यावर दोन बैठका गेल्या.

सीमावासी_५६
दोन बैठका? इथं सत्तर वर्षं गेली! सरळ मराठीत करायचा. खानापूर तालुक्यात…

संपादक
सीमाप्रश्नाला स्वतंत्र धागे आहेत, तिकडे पाने शेकड्याने आहेत. इथे मुलांच्या छातीपुरते बोला. पुढचे दोन प्रतिसाद काढले आहेत.

जांबोटी_घाट
शेवटी चित्रं काढली. सकाळच्या पंपाला सूर्य, रात्रीच्या पंपाला चंद्र. कन्नड आई म्हणते उब्बस, मराठी आई म्हणते दमा, चंद्र दोघींना कळतो. एक आजोबा मात्र कागद बघून म्हणाले, "बाई, चंद्रसूर्य असेपर्यंत घ्यायचं काय हे औषध?"

गणपत_गल्ली
आजोबांना माझा दंडवत.

सूप_आणि_तंबाखू
मी निपाणीची. एवढे डॉक्टर बोलले, पण घरात काय चालतं हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहिते. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी मी. लहानपणी मला वाटायचं आईचा वासच तसा असतो. हंगामात वखारीच्या गल्लीतनं गेलं की नाकात मिरची गेल्यासारखं होतं. माझा धाकटा भाऊ त्यात वाढला, रात्री धापा टाकायचा, बरगड्या आत जायच्या. डॉक्टर इंजेक्शन द्यायचे आणि आम्ही त्याला परत त्याच सुपाशेजारी निजवायचो.

१९८१ साली तंबाखूच्या भावासाठी इथं हायवे अडवला होता, माझे वडील सांगतात. भाव मिळायलाच हवा होता. पण खकाण्याची, तंबाखूच्या त्या धुळीची गोष्ट कुणी काढली नाही. @हलशीकर, तुमचा मुलगा मे महिन्यात नेमका आजोळीच बिघडला. घर कुठल्या गल्लीत आहे ते एकदा बघा.

हलशीकर
@सूप_आणि_तंबाखू, वाचून थांबलो. सासऱ्यांच्या घरामागं वखार आहे. चौघांपैकी कुणी विचारलं नाही, आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

पीटी_मास्तर
शाळेचंही ऐका. आमच्याकडे एका पोराचा पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता, 'हरवू नये म्हणून'. किल्ली सरांच्या खिशात, सर मीटिंगला गावाला. पोरगं खो-खो खेळून भिंतीला टेकून उभं, वाक्य पूर्ण करता येईना. रिक्षातनं दवाखान्यात नेलं. तेव्हापासून पंप माझ्या शिट्टीच्या पिशवीत. पण पंप कधी द्यायचा, किती, हे मला एकाही डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही. मी आपला देवाचं नाव घेऊन देतो.

मलप्रभाकाठ
एक विषयांतर. लेकीला रात्रीची ती चघळायची गोळी होती, माँटेल्युकास्ट. महिनाभरात भयानक स्वप्नं, दचकून उठणं, दिवसा चिडचिड. कुणी म्हणालं दृष्ट लागली, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. गोळीचा संबंध असेल असं वाटलंच नाही.

इंटर्न_ते_निवासी
ताई, हे होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं मार्च २०२० मध्ये याच गोळीवर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला, मन:स्थितीत होणाऱ्या बदलांबद्दल. सगळ्यांना होत नाही. पण झालं तर ज्यांनी लिहून दिली त्यांना सांगा, परस्पर सगळंच बंद करू नका. गोळी एकानं दिलेली, स्वप्नांची तक्रार दुसऱ्याकडे केलेली, असं झालं की दोघांनाही काही कळत नाही.

तिरकी_ओळ
म्हणजे फिरून पुन्हा हलशीकरांच्या टेबलावरचे चार कागद.

हलशीकर
पाच आठवड्यांनी येतोय, माफ करा. पोरगा मधे एकदा बिघडला होता, पण घरीच निभावलं.

काय केलं ते सांगतो. शंभर पानी वही घेतली, पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'दमा'. (मलप्रभाकाठ ताई, तुमच्यामुळे.) घेऊन आधी गावातल्या डॉक्टरांकडे गेलो, बेळगावच्या नाही. म्हणालो, "डॉक्टर, रात्री पोर तुमच्याच दारात येणार, मग तुम्हीच ठरवा काय ते." त्यांनी सगळे कागद चष्मा वर करून वाचले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग स्वतःच्या फोनवरून बेळगावला फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला, आणि मी समोर बसून असताना दोघं अकरा मिनिटं बोलले. कोण चुकलं हा विषयच निघाला नाही. कुठला पंप, किती, दम लागला तर किती वेळा आणि किती अंतरानं, आणि कशावर न थांबता गाडी काढायची: बोलता येईना, बरगड्या आत जायला लागल्या, ओठ निळसर. ते त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं उतरवून घेतलं, मराठीत, वर सूर्य-चंद्र मी काढले. त्या पानाचा फोटो शाळेच्या सरांना, आमच्या मेडिकलवाल्याला आणि सासऱ्यांना. मेडिकलवाला आता उघडल्याची तारीख वहीतच घालतो.

निपाणीचे डॉक्टर अजून पंपाच्या विरोधातच आहेत. वही बघायला तयार झाले, सही करायला नाही. सासरे म्हणाले, पुढच्या मेमध्ये आम्हीच खानापूरला येतो, तुमच्याकडे आंबा-फणस तरी आहेत.

बिनपाटीचा_डॉक्टर
@हलशीकर, अकरा मिनिटं. हे वाचून मी काल मोजलं, माझ्या दवाखान्यात दम्याची मुलं किती. रजिस्टर मागं उलटत उलटत सदतीसपर्यंत आलो, अजून दोन वर्षांची पानं राहिलीत. त्यातल्या नऊ जणांना रोजचा पंप आहे. @मेडिकलवाला, तुमचं दुकान नेमकं कुठं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोन मी करतो.

मेडिकलवाला
केला व्यनि. दुपारी दोन ते चार सोडून कधीही करा. जेवतो हो.

पीटी_मास्तर
@जांबोटी_घाट, बाटलीला भोक पाडतानाचा व्हिडिओ असेल तर टाका. शाळेत रिकाम्या बाटल्या ढिगानं आहेत. तार कुठल्या जाडीची घ्यायची?